अडीचकीच्या वाटेने जर्मन: विद्यापीठात परकीय भाषा शिकायला निघालेल्यांसाठी

दर जूनमध्ये मला बार्शीहून चार-पाच फोन येतात. "ताई, बारावी झाली, जर्मन करू का जपानी?" मग तासभर तेच तेच बोलणं. फॉर्म कुठे मिळतो, इंग्रजी कच्चं असलं तर चालेल का, नोकरी नक्की लागते का. शेवटी ठरवलं, एकदाच सगळं लिहून काढायचं आणि पुढच्या जूनपासून हेच पाठवायचं.

माझं थोडक्यात सांगते. शाळा मराठी माध्यमाची, बी.एस्सी. केमिस्ट्री, मग पुण्यात नोकरी सांभाळून जर्मनचं सर्टिफिकेट, डिप्लोमा आणि पुढे एम.ए. पहिल्या दिवशी वर्गात ओळखपरेड झाली. केरळची एक नर्स, चाकणच्या कारखान्यातले दोन इंजिनिअर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, येमेनहून फार्मसी शिकायला आलेला एक मुलगा, शिवाय इंदूर, नांदेड, सावंतवाडी. सगळे आपापसात इंग्रजीत बोलत होते आणि मी शेवटच्या बाकावर. इथे टिकायचं तर आधी इंग्रजी सुधारायला हवं, असा मी त्या दिवशी अर्थ काढला. मग वर्षभर जर्मनचं इंग्रजी आणि त्या इंग्रजीचं मराठी करत बसले. तुमचं ते एक वर्ष वाचावं, हा या लेखाचा मुख्य हेतू.

१. आधी ठरवा: पदवी हवी की पातळी?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. विद्यापीठ सर्टिफिकेट, डिप्लोमा किंवा पदवी देतं. पातळी मात्र बाहेरच्या परीक्षांनी ठरते. युरोपीय भाषांना ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत, त्यांत ए१ सगळ्यात सोपी. ही मोजपट्टी युरोप परिषदेने २००१ मध्ये आणली. जपानीला एन५ ते एन१ अशा पाच, त्यांत एन५ सगळ्यात सोपी. जर्मनची परीक्षा ग्योथे इन्स्टिट्यूट घेते, म्हणजे आपलं मॅक्सम्युलर भवन. (ऋग्वेद संपादून छापणाऱ्या या गृहस्थांनी भारतात कधी पाऊल ठेवलं नाही, पण त्यांच्या नावाच्या दारात आपण रांगा लावतो.) फ्रेंचसाठी डेल्फ आणि डाल्फ, स्पॅनिशसाठी डेले, जपानीसाठी जेएलपीटी.

विद्यापीठाचा डिप्लोमा हातात आहे म्हणून व्हिसाच्या खिडकीवर काम होईल असं धरून चालू नका. तिथे सहसा बाहेरच्या परीक्षेचंच प्रमाणपत्र मागतात. उलट बी२चं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं तरी कॉलेजात प्राध्यापक होता येत नाही, त्याला एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन, स्पॅनिश हे स्वतंत्र विषय आहेत.

म्हणून आधी कागदावर एक ओळ लिहा: मला ही भाषा कशासाठी हवी आहे? जर्मनीत नर्स म्हणून जायचं असेल तर साधारण बी२ लागते, तिथे पदवीच्या मागे लागून तीन वर्षं घालवू नका. शिकवायचं किंवा साहित्याचं भाषांतर करायचं असेल तर पदवी घ्या. पुण्यातल्या कंपनीत काम हवं असेल तर दोन्ही उपयोगी, पण मुलाखतीत तुम्ही पाच मिनिटं न अडखळता बोलता का, तेच बघतात. आणि पुढचं शिक्षण जर्मनीत घ्यायचं असेल तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस नावाची कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. भाषेचं प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही.

२. वाट निवडा

अर्धवेळ अभ्यासक्रम. नोकरी किंवा दुसरी पदवी सांभाळून करायचा. सर्टिफिकेट, डिप्लोमा, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा अशा वर्षावर्षाच्या पायऱ्या असतात आणि बारावीनंतर सुरुवात करता येते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. "रानडेला जातो" म्हटलं की पुणेकराला कळतं. मुंबई विद्यापीठाचे जर्मन, फ्रेंच, रशियन विभाग कलिनाला आहेत. जपानीसाठी पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठही आहे. खाजगी क्लासच्या मानाने विद्यापीठाची फी कमी असते, म्हणून जागा लवकर भरतात.

पूर्णवेळ पदवी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी, कोरियन, चिनी, रशियन, फारसी अशा भाषांत बी.ए. ऑनर्स करता येतं, भाषा अजिबात येत नसली तरी. प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. त्याचे अर्ज बारावीच्या निकालाच्या बऱ्याच आधी संपतात आणि आपल्याकडची मुलं नेमकी तिथेच चुकतात, निकाल लागल्यावर शोधायला लागतात. हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, हे दुसरं मोठं ठिकाण. भाषा हेच आयुष्य करायचं असेल तर या दोन्हींचा विचार जरूर करा. घरापासून लांब, हॉस्टेलात, दहा राज्यांतल्या मुलांबरोबर तीन वर्षं राहून जे शिकता ते अर्धवेळात मिळत नाही.

कॉलेजातला एक विषय म्हणून. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच कॉलेजांत परकीय भाषा निवडक विषय म्हणून मिळते. चव घ्यायला ठीक आहे. पण २ क्रेडिटचा विषय म्हणजे सत्रभरात ३० तास. तेवढ्यात नाव-गाव-आवडनिवड सांगता येते आणि सत्र संपतं. "मी कॉलेजात फ्रेंच केलंय" असं त्या जोरावर बायोडेटात लिहू नका, समोरचा फ्रेंचमध्ये प्रश्न विचारतो.

दोन अभ्यासक्रम एकदम चालतात का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. युजीसीने २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, पण दोन्हींच्या तासांची वेळ एकमेकांवर येता कामा नये. वेळापत्रक आधी बघा, फी नंतर भरा.

३. भाषा कोणती?

यावर माझं मत पक्कं आहे: "स्कोप" कशाला आहे हे विचारून भाषा निवडू नका. राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, तेव्हा आमच्या गल्लीतला प्रत्येक जण जर्मन शिकणार होता. सहा महिन्यांत गल्ली ओस पडली. रोज तासभर जिचा आवाज कानाला सहन होईल ती भाषा घ्या. आठवडाभर त्या भाषेतल्या बातम्या आणि गाणी नुसती ऐका, काही कळलं नाही तरी.

जपानीला लोक लिपीमुळे घाबरतात. त्यांना मी एकच सांगते. जपानी मुळाक्षरांचा क्रम म्हणून बघा: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटला ना? बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या आपल्याच वर्णमालेवरून तो लावलेला आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या मिळून ९२ चिन्हं, महिन्याभरात होतात. कांजी, म्हणजे चिनीवरून घेतलेली अक्षरं, हा मात्र लांबचा पल्ला आहे. रोजच्या वापरासाठी तिथल्या सरकारने ठरवलेल्या यादीतच २,१३६ आहेत.

गोव्याजवळ राहत असाल तर पोर्तुगीजचा विचार करा, गोवा विद्यापीठात त्यात एम.ए. करता येतं. पाव, बटाटा, काजू, चावी, बालदी, नाताळ हे शब्द तुम्ही आधीच शिकून आला आहात.

४. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे मे महिन्यातच जमवून ठेवा:

- दहावी आणि बारावीच्या मूळ गुणपत्रिका, प्रत्येकी तीन झेरॉक्स
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन
- मध्ये खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर, तोही चालू मुदतीतला
- आधार, आणि एबीसी आयडी (तुमचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक)
- फोटो आणि सही स्कॅन केलेली, फॉर्मवर सांगितलेल्या केबीत
- नोकरी असेल तर कार्यालयाचं ना-हरकत पत्र
- पासपोर्ट

शेवटचा बघून हसू नका. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर वेगळा क्रम, कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. बाहेरच्या परीक्षेचा फॉर्म पासपोर्टप्रमाणे भरावा लागतो आणि प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न मधल्या काळात झालं. गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. राजपत्र, प्रतिज्ञापत्र, फेऱ्या, यात तिचं एक सत्र गेलं. नावाचं काय ते आधी निस्तरा.

दुसरी अडचण दाखल्याची. मूळ दाखला एकच असतो आणि तो तुमच्या पदवीच्या कॉलेजात जमा असतो. अर्धवेळ अभ्यासक्रमाला बहुधा बोनाफाइड आणि साक्षांकित प्रत चालते, पण हे आधी विचारून घ्या. मूळ कागद कुठेही दिलात तर पोच घ्या.

५. पहिले सहा आठवडे: हत्यारं

मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर त्या भाषेचा कीबोर्ड पहिल्याच दिवशी टाका. जर्मनमध्ये अक्षरावरची दोन टिंबं गाळली तर अर्थ बदलतो, आणि "नंतर बघू" म्हणणारे दोन वर्षांनीही गाळत असतात. टिंबवाला ऊ काढायची युक्ती: तोंडाने "ई" म्हणत राहा आणि ओठ मात्र "ऊ"साठी करतात तसे गोल करा. आरशासमोर करा, घरचे हसतील.

शब्दकोश: जर्मनला डूडेन, जपानीला जिशो. भाषांतराचं ॲप पहिल्या वर्षी वाक्यासाठी वापरू नका, फार तर शब्दासाठी. ऐकायला डॉइचे वेले या जर्मन वाहिनीचे धडे आणि सावकाश वाचलेल्या बातम्या फुकट आहेत. फ्रेंचवाल्यांना आरएफआय या फ्रेंच रेडिओवर आणि जपानीवाल्यांना एनएचके या जपानी वाहिनीवर सोप्या भाषेतल्या बातम्या मिळतात.

वही एकच ठेवा, आडवी रेघ मारून दोन भाग केलेली. वर वर्गात काय झालं ते, खाली तेच मराठीत कसं म्हणतो ते. या खालच्या भागाबद्दलच पुढचा मुद्दा.

६. मराठी दप्तरातच ठेवा

वर्गात समजावणं इंग्रजीतून होतं, कारण नर्स, येमेनी मुलगा आणि बँकेतले काका यांना मिळून तीच एक भाषा येते. ते बरोबरच आहे. पण तुमच्या डोक्यातला पूल इंग्रजीवरूनच गेला पाहिजे असं कोणी सांगितलंय?

जर्मनमध्ये थंडी वाजते तेव्हा "मिअर इस्ट काल्ट" म्हणतात. शब्दशः "मला थंड आहे". इंग्रजीवरून येणारा "इष बिन काल्ट" म्हणतो, म्हणजे मीच थंड, कोरडा माणूस झाला. आमच्या वर्गात हे वाक्य सहा जणांचं चुकलं, माझंही. ज्या मुलीने जन्मभर "मला थंडी वाजते" म्हटलंय तिचं चुकायचं कारण काय? तिने मध्ये इंग्रजी घातलं, एवढंच. आवडण्याचंही तेच. "मला हे आवडतं" ही रचना जर्मन, रशियन, स्पॅनिश तिन्हीत जवळजवळ जशीच्या तशी आहे.

क्रियापदाचं बघा. "कारण मला आज वेळ नाही" या वाक्याचं जर्मन "वाइल इष होइटे काइने त्साइट हाबे". "वाइल" म्हणजे कारण, आणि ते आलं की क्रियापद शेवटी जातं. इंग्रजी माध्यमातली मुलं या नियमाची तक्ते करून घोकंपट्टी करतात. आपलं क्रियापद शेवटीच असतं.

उच्चाराचं सांगते. त्या "त्साइट"मधला त्स हिंदीभाषक मित्रांना जड जायचा, ते "ज़ाइट" म्हणायचे. आपल्याकडे च दोन आहेत. चिंचेतला वेगळा आणि चाकातला, चुलीतला वेगळा. चाकातला च म्हणजेच जर्मनचा त्स, आणि तोच जपानी "त्सुनामी"तलाही.

आकड्यांना सगळे वैतागतात, कारण जर्मनमध्ये २४ म्हणताना "चार आणि वीस" असं उलटं म्हणतात. उलटं कुणाला? चोवीस म्हणजे चार आणि वीसच की.

आणि आता माझी फजिती. गॉटिंगेनहून एका सत्रासाठी आलेली एक मुलगी मला संभाषणाचा सराव देणार होती. तिने निरोप धाडला: "हाल्ब फ्युन्फ". हाल्ब म्हणजे अर्धा, फ्युन्फ म्हणजे पाच. मी हिशेब केला, साडेपाच. बरोबर साडेपाचला पोचले तर ती तासभर थांबून, दोन कॉफ्या पिऊन निघायच्या बेतात. जर्मनमध्ये हाल्ब फ्युन्फ म्हणजे साडेचार. पाचव्या तासाचा अर्धा झाला, असा तो हिशेब. फार ओशाळले. पण रात्री आजोबा आठवले. त्यांना पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ होते. अडीच हा शब्दच मुळात "अर्धा तिसरा" यावरून आलाय आणि साडेतीनसाठीचा औट "अर्धा चौथा" यावरून. म्हणजे आमचे आजोबा पाटीवर जर्मन घड्याळच घोकत होते. त्यानंतर ती वेळ माझी कधी चुकली नाही.

मराठी जिथे फसवते तेही सांगायला हवं. तीन लिंगं दोन्ही भाषांत आहेत म्हणून आपली लिंगं जर्मनला लावू नका. पुस्तक तिकडेही नपुंसकलिंगी, पण टेबल पुल्लिंगी आणि दार स्त्रीलिंगी. जुळलं तर योगायोग. प्रत्येक शब्द त्याचं लिंग सांगणाऱ्या डेअर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी), दास (नपुंसकलिंगी) यांसकटच पाठ करा. मुलीला जर्मन नपुंसकलिंगी का करतं, "दास मेडशेन" का म्हणतं, यावर वर्गात दर वर्षी हशा पिकतो. शब्दाच्या शेवटचं "शेन" लहानपणा दाखवतं आणि असे सगळे शब्द नपुंसकलिंगी होतात, हे त्याचं कारण. आमच्या वर्गातली सावंतवाडीची मुलगी मात्र हसली नाही. "आमच्याकडे चेडू नपुंसकलिंगीच," एवढं म्हणून तिने लिहून घेतलं. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. आणि आपलं "पोरगं" तरी काय आहे?

७. वर्गातली माणसं वापरा

वापरा म्हणजे चांगल्या अर्थाने. परकीय भाषेचा वर्ग हा असा एकच वर्ग मी पाहिला जिथे सगळे सारखेच अडाणी असतात. बँकेतले काका आणि अठरा वर्षांचा पोरगा एकाच वाक्यावर अडकतात. प्रत्येक जण वेगळ्या घरभाषेतून येतो, म्हणून प्रत्येकाला वेगळं काहीतरी सोपं जातं. केरळच्या नर्सला वस्तूंना लिंग असतं हेच पटायचं नाही, मल्याळममध्ये तसं नाही. मी तिला लिंगं पाठ करून घेतली. तिने मला दवाखान्यातले शंभरेक शब्द दिले, जे पुढे मला दुभाष्याच्या पहिल्या कामात लागले.

माझी खोलीतली मैत्रीण धारवाडची, जपानी शिकणारी. एका रविवारी मी थालीपीठ लावलं होतं आणि ती अभ्यासाच्या नावाने पुस्तकाशी भांडत होती. "ताबेते मिते" म्हणजे नेमकं काय, इंग्रजी स्पष्टीकरण दोन परिच्छेदांचं होतं. तव्यावरचा तुकडा मोडून मी म्हटलं, "हे घे, खाऊन बघ." ती थांबली. "तिंदु नोडु," ती म्हणाली. कन्नडमध्ये खाऊन बघ. ताबेते म्हणजे खाऊन, मिते म्हणजे बघ. दोन परिच्छेद एका घासात संपले. मग त्या दिवशी आम्ही आणखी शोधत बसलो: "ताबेते शिमाइमाशिता" म्हणजे खाऊन टाकलं, "तोक्यो कारा" म्हणजे तोक्योहून, "तोक्यो मादे" म्हणजे तोक्योपर्यंत. शब्दाच्या मागे शेपूट लावायची सवय जपानीलाही आपल्यासारखीच आहे. थालीपीठ करपलं.

भाषांची अदलाबदल करायला जोडीदार शोधा. पुण्यात परदेशी विद्यार्थी भरपूर आहेत, आणि त्यांना मराठी हवी असते, निदान रिक्षावाल्याशी आणि घरमालकाशी बोलण्यापुरती. आमच्या येमेनी मित्राला मी मराठी शिकवायला घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी कँटीनच्या बिलाच्या मागे आम्ही यादी केली: दुकान, किंमत, हवा, साबण, वकील, मालक, इमारत. तो प्रत्येक शब्दाला मान हलवत होता, सगळे त्याच्या अरबीतले. "म्हणजे भाड्याच्या खोलीबद्दल मी आधीच बोलू शकतो," तो म्हणाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास तुमची, घड्याळ लावून. घड्याळ लावलं नाही तर दोघंही इंग्रजीत घसरता, हे अनुभवाने सांगते.

तू आणि तुम्ही हा फरक जर्मन आणि फ्रेंचमध्येही आहे, तेव्हा सरांना चुकून "तू" म्हणण्याची वेळ आपल्यावर फारशी येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: आपण वडिलांना "अहो" म्हणतो, जर्मन मुलं "तू"च म्हणतात. भाषांतर करताना तिथे थांबून विचार करा.

८. खाजगी क्लास आणि मोठी आश्वासनं

माझ्या मामेभावाने एका क्लासला "चार महिन्यांत बी२" या बोलीवर पूर्ण फी आगाऊ भरली. चार महिन्यांनी त्याची ए२ झाली होती आणि फी परत मिळाली नाही. हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. शून्यापासून बी२पर्यंत साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात, एक तासिका ४५ मिनिटांची. चार महिने म्हणजे १२० दिवस. रविवार, दिवाळी, ताप काहीही न धरता रोज ५ ते ७ तासिका, गृहपाठ वेगळा. कुणी आश्वासन दिलं की हा भागाकार समोर बसून करा. आणि फी हप्त्याने भरा.

विद्यापीठाचंही दुसऱ्या टोकाला तेच आहे. वर्ग आठवड्यातून मोजके तास असतो. तेवढ्यावर वर्ष पास होता येतं, बोलता येत नाही. घरी रोज तास-दीड तास दिला नाही तर डिप्लोमा मिळतो आणि तोंड उघडत नाही.

९. परीक्षा, आणि राहिली तर

विद्यापीठाची परीक्षा अभ्यासक्रमावर असते, बाहेरची परीक्षा भाषेवर. वर्षाची परीक्षा झाली की लगेच त्याच पातळीची बाहेरची द्या, तयारी ताजी असते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि पुण्यात जागा पटापट भरतात, म्हणून नोंदणीच्या तारखेवर आठवणीचा गजर लावा. त्यात तोंडी परीक्षा नाही, त्यामुळे एन३ झालेली पण बोलताना गप्प बसणारी माणसं पुष्कळ भेटतात. तोंडी सराव तुमचा तुम्हालाच करावा लागेल. एन५ला १८० पैकी ८० मिळाले की पास, पण प्रत्येक भागात किमान गुण हवेत. ग्योथेच्या बी१मध्ये वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं अशी चार मॉड्यूल आहेत, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. अनेक ठिकाणी दोन वर्षांच्या आतलं प्रमाणपत्र मागतात, तेव्हा फार आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

माझं ऐकण्याचं मॉड्यूल राहिलं. ३० पैकी १६, म्हणजे १००त ५३. बाकी तिन्ही झाली होती. घरी सांगताना मी "नापास" म्हटलं आणि दोन दिवस रडले. मग ऑफिसातल्या एकीने विचारलं तेव्हा कळलं की राहिलेलं एकच मॉड्यूल पुन्हा देता येतं. तीन महिने स्वारगेटपासून ऑफिसपर्यंतच्या बसमध्ये सावकाश बातम्या ऐकल्या: पहिल्यांदा नुसत्या, दुसऱ्यांदा मजकूर बघत, तिसऱ्यांदा परत नुसत्या. दुसऱ्या वेळी निघालं.

तेव्हा फॉर्म पुन्हा भरायची वेळ आली तर राहिलेल्या मॉड्यूलपुढेच खूण करा. चारही निवडलीत तर चारही परत द्यावी लागतात आणि फीही चारांची जाते.